नोकरीच्या ठिकाणाविषयी अभिप्राय कसा लिहावा आणि कोठे टाकावा

कुपवाडच्या एमआयडीसीतील एखाद्या मशिन शॉपमध्ये, मिरजेतील एखाद्या रुग्णालयात किंवा तासगाव भागातील बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागण्यापूर्वी बहुतेक जण ओळखीच्या माणसाला फोन करून "तिथे कसे आहे?" असे विचारून घेतात. ज्याची ओळख नाही तो मात्र मोबाइलवर कंपनीचे नाव टाकतो आणि समोर येईल ते वाचून मन बनवतो. नोकरीच्या ठिकाणाविषयीचा अभिप्राय लिहायचा तो या दुसऱ्या माणसासाठी. मालकाला धडा शिकवावा किंवा मनातील राग एकदाचा मोकळा करावा असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्या हेतूने लिहिलेला मजकूर वाचणाऱ्याच्या फारसा उपयोगी पडत नाही आणि लिहिणाऱ्याच्या अंगावर येण्याची शक्यता मात्र वाढवतो.

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात लिहिणाऱ्यापुढे एक अडचण अधिक आहे. पुण्यातील हजारो कर्मचाऱ्यांच्या कंपनीविषयी निनावी लिहिणारा गर्दीत लपून जातो. येथे चाळीस जणांच्या कारखान्याविषयी "क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) दोन वर्षे होतो, मार्चमध्ये सोडले" एवढे लिहिले तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत नाव निघालेले असते. त्यातून मालकाचे भाऊ आणि तुमचे काका एकाच पतसंस्थेच्या संचालक मंडळावर असले तर विषय घरापर्यंत पोहोचायला तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच कसोटी आहे: उद्या आपले नाव उघड झाले तरी ज्यातील एकही वाक्य मागे घ्यावे लागणार नाही, असाच अभिप्राय लिहावा. निनावीपणा मिळाला तर तो जास्तीचा लाभ समजावा, त्याच्या भरवशावर लिहू नये.

लिहिण्यापूर्वी

नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, हजेरीची नोंद आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक एकत्र समोर ठेवावे. पासबुक उमंग अॅपवर पाहता येते. आठवणीवर विसंबून लिहिलेला अभिप्राय बहुतेक वेळा शेवटच्या दोन महिन्यांचा असतो, कारण माणसाला सोडतानाचे भांडण लक्षात राहते आणि त्यापूर्वीचे दीड वर्ष विरून जाते. कागद समोर असले की "पगार कधीच वेळेवर होत नाही" या वाक्याचे "सहा महिन्यांपैकी चार महिने पगार दहा तारखेनंतर झाला" असे वाक्य होते.

पगाराविषयी लिहिताना कपात आधी समजून घ्यावी, कारण या विषयावरील निम्म्या तक्रारी येथेच विरघळतात असे माझे मत आहे. समजा महिन्याचा एकूण पगार १८,००० रुपये ठरला आणि त्यातील निधीसाठी धरायचे वेतन १५,००० रुपये आहे. निधीचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, कर्मचारी राज्य विमा योजनेचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये आणि पुरुष कर्मचाऱ्याचा व्यवसाय कर २०० रुपये वजा जाता हातात १५,८६५ रुपये येतात. हे कायदेशीर आहे आणि त्याला "पगार कापतात" म्हणणे अन्यायाचे होईल. मुलाखतीत मात्र एकच मोठा आकडा सांगून मालकाच्या वाट्याचे १२ टक्केही त्याच आकड्यात धरलेले असतील आणि ते नेमणुकीपूर्वी सांगितले नसेल, तर ती गोष्ट नवीन उमेदवाराला नक्की सांगावी. "मुलाखतीत सांगितलेल्या रकमेत कंपनीचा निधीचा हिस्सा धरलेला असतो, तेव्हा हातात किती येईल ते लेखी विचारून घ्या" या एका वाक्याने पुढच्या दहा जणांची फसगत टळते, आणि या वाक्यावर मालकालाही आक्षेप घेता येत नाही.

आपल्याजवळ जे आहे तो अभिप्राय आहे की तक्रार, हेही याच टप्प्यावर ठरवावे. स्लिपेवर निधीची कपात दिसते पण पासबुकात जमा दिसत नाही, तर ते प्रकरण भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर न्यायचे असते. अभिप्रायात कंपनीला द्यायच्या चांदण्यांची संख्या कमी करून ते पैसे परत येत नाहीत. थकलेला पगार, किमान वेतन किंवा ओव्हरटाइमचे पैसे यांसाठी जिल्ह्यातील कामगार विभागाचे कार्यालय आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत आणि नोकरी सोडल्यावर शेवटचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत व्हावयास हवा, तसेच ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट हवा. या गोष्टी ठाऊक असल्या की आपले म्हणणे मोघम राहत नाही.

लैंगिक छळाची बाब तर अभिप्रायाच्या संकेतस्थळांवर मुळीच नेऊ नये. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि तिच्याकडे साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावयाची असते. त्याहून लहान ठिकाणच्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात. याच कायद्याचे सोळावे कलम तक्रारीचा मजकूर आणि तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. रागाच्या भरात टाकलेल्या चार ओळींमुळे खरी तक्रारही अडचणीत येऊ शकते.

ज्यांचा शेवटचा हिशेब किंवा अनुभवपत्र अजून यायचे आहे, त्यांनी ते हातात पडेपर्यंत थांबावे. हा सल्ला भित्रेपणाचा वाटेल, पण लहान कारखान्यात अनुभवपत्रावर सही करणारा आणि अभिप्राय वाचणारा हा एकच मनुष्य असतो.

मजकूर कसा असावा

नेहमी आढळणारा नमुना असा असतो: "एकदम बोगस कंपनी. पगार वेळेवर नाही, ओव्हरटाइमचे पैसे खातात, सुपरवायझर शिव्या देतो. कुणीही जाऊ नका." यातील प्रत्येक गोष्ट खरी असू शकते. तरीही वाचणाऱ्याला यातून लिहिणारा चिडलेला आहे याखेरीज काही कळत नाही, आणि ज्याला नोकरीची गरज आहे तो हे वाचूनही मुलाखतीला जातोच. तोच अनुभव पुढीलप्रमाणे लिहिता येईल.

"मी व्हीएमसी (धातू कापण्याच्या संगणकीय यंत्रांच्या) विभागात सुमारे दोन वर्षे काम केले. यंत्रे चांगल्या स्थितीत आहेत, आयटीआय झालेल्या नवख्याला पहिल्याच वर्षी सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग शिकायला मिळते. पगार बहुतेक महिन्यांत दहा ते पंधरा तारखेच्या दरम्यान होत असे. आठ तासांनंतरचे काम आठवड्यातून तीन-चार दिवस असे आणि त्याचे पैसे साध्या दराने मिळत. दुसऱ्या पाळीत पर्यवेक्षकाची भाषा पुष्कळदा अपमानास्पद असे. तोंडी तक्रार केल्यावर थोडे दिवस फरक पडला. पगाराची तारीख पक्की झाली आणि ओव्हरटाइमची नोंद हजेरीपत्रकावर वेगळी होऊ लागली, तर शिकण्यासाठी हे ठिकाण मी सुचवीन."

हा मजकूर पहिल्यापेक्षा सौम्य आहे असे वाटते, प्रत्यक्षात तो अधिक बोचरा आहे, कारण यातील एकही वाक्य "रागाने लिहिले असेल" म्हणून सोडून देता येत नाही. ज्याला घरभाडे पाच तारखेला द्यावे लागते तो पगाराची तारीख वाचून आपला निर्णय घेईल. ज्याला वर्षभर शिकून पुढे चाकणला जायचे आहे तो यंत्रांविषयीचे वाक्य वाचून वेगळा निर्णय घेईल. दोघांनाही उत्तर मिळाले. यातील एक वाक्य मात्र तपासून घ्यावे लागेल. दुसऱ्या पाळीला एकच पर्यवेक्षक असेल, तर नाव न लिहिताही आपण एका माणसाकडे बोट दाखवले आहे. तेथे "काही पर्यवेक्षकांची भाषा" असे करून चालणार नाही, कारण ते खोटे ठरेल. त्याऐवजी पाळीचा उल्लेख काढून "पर्यवेक्षणात भाषेची मर्यादा पाळली जात नाही असा माझा अनुभव आहे" असे लिहावे. ओळख झाकण्यासाठी तपशील गाळावा, बदलू नये.

चांगल्या गोष्टी लिहाव्यात त्या तोल साधण्यासाठी नव्हे. "कॅन्टीन छान आहे, मालक माणूस म्हणून चांगले आहेत" असा ओढूनताणून आणलेला गोडवा वाचणाऱ्याला लगेच कळतो. ज्या चांगल्या गोष्टीमुळे आपण तेथे इतके दिवस टिकलो ती एकच गोष्ट नीट लिहिली तरी पुरे.

आपल्या भागातील अभिप्रायांत सहसा न आढळणाऱ्या, परंतु नोकरी शोधणाऱ्याला हव्या असलेल्या काही गोष्टी आहेत. दुसरी पाळी सुटल्यावर कुपवाडहून घरी जाण्याची सोय काय, स्त्रियांसाठी स्वतंत्र आणि वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह आहे का, रुग्णालयात बारा तासांची पाळी आठ तासांची म्हणून दाखवली जाते का, हे सर्व त्यात येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पगाराच्या स्लिपेवर नाव कोणाचे असते. गेटवर मोठ्या कंपनीची पाटी असते, ओळखपत्रही तिचेच असते, आणि नेमणूक मात्र ठेकेदाराच्या नावावर झालेली असते. असा अभिप्राय कंपनीच्या पानावर टाकताना "मी ठेकेदारामार्फत होतो" हे पहिल्या वाक्यात सांगावे, नाहीतर कायम कर्मचाऱ्यांच्या आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या अनुभवांची सरमिसळ होऊन दोन्ही निरुपयोगी ठरतात.

साखर कारखान्यांविषयी लिहिताना हंगाम सांगावा. गाळप सुरू असतानाचे काम आणि गाळप संपल्यानंतरचे काम यांत फार अंतर असते, आणि मे महिन्यातील अनुभव वाचून नोव्हेंबरमध्ये रुजू होणाऱ्याची दिशाभूल होते. कारखाना सहकारी असेल तर संचालक मंडळाच्या निवडणुकीच्या तोंडावर काहीही टाकू नये. तुम्ही पगाराविषयी लिहाल आणि लोक ते कोणत्या पॅनेलचे आहे हे शोधत बसतील.

कोणत्याही परिस्थितीत ग्राहकांची नावे, ड्रॉइंग, दर किंवा रुग्णांची माहिती लिहू नये. नेमणूक पत्रातील गोपनीयतेचे कलम एकदा वाचून घ्यावे. भाषेविषयी विचाराल तर नोकरीच्या संकेतस्थळांवर बहुतेक मजकूर इंग्रजीत असतो, म्हणून आधी मराठीत विचार पक्के करून मग साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवावेत. रोमन लिपीतील मराठी मात्र टाळावी. ती कोणालाच धड वाचता येत नाही.

कोठे टाकावा

संकेतस्थळ निवडताना आपल्या जागेवर उद्या येणारा माणूस कोठे शोधेल, हा प्रश्न आधी सोडवावा. भारतातील मध्यम आणि मोठ्या कंपन्यांसाठी अॅम्बिशनबॉक्स हे माझ्या मते पहिले स्थळ आहे. नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एज या कंपनीचेच ते असल्यामुळे अर्ज करणारा उमेदवार तेथे आपोआप पोहोचतो, आणि विभाग, पद व शहर यांप्रमाणे अभिप्राय वेगळे पाहता येतात. एकाच कंपनीचे पुण्यातील कार्यालय आणि सांगलीतील प्रकल्प यांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो, त्यामुळे शहर नमूद करण्याची ही सोय आपल्यासाठी मोलाची आहे.

ग्लासडोअर आणि इंडीड ही दोन्ही स्थळे जपानच्या रिक्रूट होल्डिंग्ज या समूहाची आहेत. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून पुणे, बंगळुरूच्या सॉफ्टवेअर किंवा बहुराष्ट्रीय कंपन्यांत गेलेल्यांनी ग्लासडोअर वापरणे योग्य ठरते. तेथे फायदे, तोटे आणि व्यवस्थापनाला सल्ला अशा स्वतंत्र चौकटी असतात. त्यांतील सल्ल्याची चौकट रिकामी सोडू नये, कारण मालकपक्ष तीच आधी वाचतो. कंपनीचा सार्वजनिक चेहरा असलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांखेरीज इतरांची नावे तेथील नियमांत बसत नाहीत. इंडीड हे मुळात नोकऱ्या शोधण्याचे स्थळ असल्यामुळे दुकान, गोदाम, वाहतूक अशा कामांचे उमेदवारही तेथे भेटतात.

गूगल मॅप्सवर लिहिण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण लहानात लहान वर्कशॉपही तेथे असते. मी ते टाळण्याचा सल्ला देतो. ती जागा ग्राहकांची आहे, तुमच्या खात्याचे नाव तेथे सहसा दिसते, आणि त्याच नावाखाली तुम्ही घराजवळच्या केशकर्तनालयापासून मुलाच्या शाळेपर्यंत ज्या ज्या ठिकाणांना चांदण्या दिल्या त्यांची यादीही उघडू शकते. लिंक्डइनवर खऱ्या नावाने वावरायचे असल्यामुळे तेथे आभार मानावेत, तक्रार मांडू नये. व्हॉट्सअॅपवरील बॅचचे ग्रुप सर्वांत वेगवान खरे, पण तेथील मजकूर तुमच्या फोन नंबरासह फिरतो आणि एकदा पुढे गेला की दुरुस्त करता येत नाही.

कंपनी लहान असेल आणि नोकरीच्या कोणत्याच स्थळावर तिचे पान नसेल, तर नवे पान उघडून पहिला अभिप्राय आपण टाकणे म्हणजे खाली सही करण्यासारखेच आहे. अशा वेळी ऑनलाइन लिहिण्याचा आग्रह सोडून तुम्ही जेथे शिकलात त्या आयटीआयच्या किंवा महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागाला एक व्यवस्थित पत्र लिहावे. दरवर्षी तेथूनच त्या कारखान्यात मुले पाठवली जात असतील, तर त्या एका पत्राचा उपयोग इंटरनेटवरील वीस अभिप्रायांपेक्षा अधिक होतो.

कोणतेही स्थळ निवडले तरी खाते वैयक्तिक ईमेलने उघडावे, कंपनीचा संगणक किंवा वायफाय वापरू नये, आणि शक्य असल्यास नोकरी सोडल्यानंतर काही महिने जाऊ द्यावेत.

कायद्याची बाजू

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखाली बदनामी हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंतचा साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. पुष्कळांची समजूत असते की खरे लिहिले की काळजी नाही. या कलमातील अपवादाप्रमाणे विधान खरे असण्याबरोबरच ते प्रसिद्ध करणे लोकहिताचेही असावे लागते. म्हणून "मालक पीएफ खातो" आणि "माझ्या पासबुकात एप्रिल ते जूनची जमा दिसली नाही" या दोन वाक्यांतील फरक केवळ शैलीचा नाही. पहिले वाक्य गुन्ह्याचा आरोप आहे आणि तो सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येऊ शकतो. दुसरे तुम्ही स्वतः पाहिलेली आणि कागदावर दाखवता येण्याजोगी गोष्ट आहे.

निनावी खाते न्यायालयापुढे टिकेलच असे नाही. २०२२ मध्ये झुरू या न्यूझीलंडच्या खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्या अर्जावर कॅलिफोर्नियातील न्यायालयाने ग्लासडोअरला अभिप्राय लिहिणाऱ्यांची ओळख पटवणारी माहिती देण्याचा आदेश दिला होता. नोटीस आली तर घाबरून मजकूर काढून टाकण्यापूर्वी त्याची प्रत जपून ठेवावी आणि वकिलाला दाखवावी.

एचआर विभाग नवीन मुलांना बसवून पाच चांदण्यांचे अभिप्राय लिहून घेतो, असेही काही ठिकाणी घडते. एकाच आठवड्यात आलेले, एकाच शब्दांतले कौतुक दिसले की वाचणाऱ्याने ते बाजूला ठेवावे. स्वतःवर तशी वेळ आली आणि नकार देणे शक्य नसले, तर निदान खऱ्या असलेल्या गोष्टीच लिहाव्यात.

प्रसिद्ध झाल्यानंतर

अभिप्राय तपासणीनंतर दिसू लागतो, त्यामुळे एक-दोन दिवस तो न दिसल्यास पुन्हा पुन्हा टाकू नये. प्रसिद्ध झाल्यावर तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवावा. कंपनीने उत्तर दिले तर त्याला प्रत्युत्तर देण्याच्या फंदात पडू नये. त्यात एखादी चूक दाखवली असेल आणि ती खरी असेल तर मूळ मजकूर सुधारावा. कामावर असलेल्या जुन्या सहकाऱ्यांकडून पगार आता सात तारखेला होतो असे कळले, तर तेही "माझ्या काळात असे होते, आता बदलल्याचे ऐकिवात आहे" अशा शब्दांत जोडावे. मजकूर काढून टाकला गेला तर स्थळाने दिलेले कारण वाचावे. बहुधा एखादे नाव, शिवी किंवा आरोपाचे वाक्य त्यांना खटकलेले असते. तेवढे वाक्य बदलून उरलेला मजकूर तसाच पुन्हा पाठवावा.